पगाराला पगार म्हणा

माझ्या आतेबहिणीची मुलगी गेल्या महिन्यात एक फाईल घेऊन घरी आली. फाईलीत नऊ आदेश होते, प्रत्येक अकरा महिन्यांचा. एका सरकारी कार्यालयात ती संगणकावर नोंदी करते. आठ वर्षांहून जास्त काळ खुर्ची तीच, संगणकही जवळपास तोच. साहेब तेवढे बदलत गेले. प्रत्येक आदेशानंतर दोन दिवस कोरे. कार्यालयाच्या भाषेत त्याला ‘तांत्रिक खंड’ म्हणतात.

फाईल माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “मामा, यात मी नोकरीला आहे असं कुठं लिहिलंय का, बघा ना.”

मी नऊही आदेश वाचले. त्यांत पगार हा शब्द नाही. वेतन नाही, कर्मचारी नाही, नोकरीही नाही. ‘मानधन’ आहे, ‘सेवा उपलब्ध करून घेणे’ आहे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य आहे: या नेमणुकीमुळे कायम होण्याचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. त्या वाक्याखाली तिने नऊ वेळा सही केली आहे. सही केल्याशिवाय पुढचे अकरा महिने मिळत नाहीत.

या आठवड्यात मला एकच गोष्ट सांगायची आहे. कामगाराचा हक्क बुडवायला आपल्याकडे कायदा मोडावाच लागतो असं नाही. त्याचं नाव बदललं तरी पुरतं.

कामगार कायद्याची सगळी इमारत ‘कामगार कोण’ या व्याख्येवर उभी आहे. किमान वेतन, जादा कामाचा दुप्पट दर, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयचा दवाखाना, ग्रॅच्युइटी, कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई हे सगळं त्या एका खुंटीला टांगलेलं आहे. खुंटी काढली की सगळं एकदम खाली येतं. म्हणून हुशार मालक प्रत्येक हक्काशी वेगळा भांडत बसत नाही. तो खुंटीच उपटतो. ‘हा आमचा कामगारच नाही’, एवढं म्हटलं की काम झालं.

आता शब्द एकेक करून बघू.

मानधन. गणेशोत्सवात व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला शाल, नारळ आणि पाकीट देतात, त्या पाकिटातल्या पैशाला मानधन म्हणतात. त्या पाहुण्याचं घर त्या पाकिटावर चालत नाही. तो पुढच्या वर्षी नाही म्हणू शकतो. त्याच्याकडून हजेरीपटावर सही कुणी मागत नाही, उशीर झाला तर कारणे दाखवा नोटीस कुणी काढत नाही. ज्याची हजेरी घेता, ज्याची रजा मंजूर-नामंजूर करता, ज्याला बैठकीला बोलावून झापता, त्याला महिन्याच्या शेवटी देता तो पगारच. दुसरा शब्द वापरणं खोटेपणा आहे.

अंगणवाडी सेविकेचंच घ्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अर्धं शतक झालं. मुलांची वजनं घ्यायची, पोषण आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या घरी जायचं, पूर्वप्राथमिक शिक्षण द्यायचं, रजिस्टरं भरायची, आणि आता मोबाईलवरही सगळं पुन्हा भरायचं. एवढ्या कामाला सरकार ‘मानधनी सेवा’ म्हणत आलं. गुजरातमधल्या सेविका ग्रॅच्युइटी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २५ एप्रिल २०२२ ला निकाल लागला: ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू आहे, त्यांचं काम अर्धवेळ आहे हे म्हणणं मान्य करता येत नाही, आणि त्यांना मिळणारं मानधन त्या कायद्यातल्या ‘वेतन’ या व्याख्येत बसतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच मानधनाला वेतन म्हटलं. तरीही दीड वर्षानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावं लागलं आणि त्यांच्या मागण्यांच्या यादीत ग्रॅच्युइटी होतीच.

स्वयंसेविका. आशाताईंच्या नावापुढे हा शब्द जोडलेला आहे. स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेत केलेलं काम. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणारी, कोविडच्या काळात दारोदार फिरून ताप मोजणारी बाई सर्वेक्षणाची तारीख स्वतः ठरवत नाही. ती वरून येते. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. गौरव झाला याचा आनंदच आहे. पण पुरस्कार भिंतीवर लागतो, किराणा पगारावर येतो.

शिक्षण सेवक. २००० साली महाराष्ट्राने ही पदवी काढली. डी.एड., बी.एड. झालेला, रीतसर निवडलेला, पूर्ण वर्ग सांभाळणारा माणूस तीन वर्षं ‘शिक्षक’ नसतो, ‘सेवक’ असतो. वर्षानुवर्षं प्राथमिकला ६ हजार, माध्यमिकला ८ हजार आणि उच्च माध्यमिकला ९ हजार मिळत होते. २०२३ पासून ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. रक्कम वाढली, शब्द तोच राहिला. शेजारच्या वर्गातले सर तेच गणित शिकवतात आणि कितीतरी पट घेतात. फळ्यावरचं गणित तिसरीतल्या मुलालाही सुटतं, हे मात्र सुटत नाही.

पार्टनर. जेवणाचा डबा, भाजी, औषधं घरी पोचवणाऱ्या पोरांना हे नाव दिलं आहे. भागीदार नफ्यात वाटा मागतो, हिशोबाच्या वह्या बघतो, दर ठरवताना त्याचं मत घेतात. या पोरांचा दर एका रात्रीत बदलतो आणि तो त्यांना मोबाईलच्या पडद्यावर कळतो. अपघात झाला तर मोटारसायकल त्याची, पाय त्याचा, खर्च त्याचा.

प्रशिक्षणार्थी. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. खरं शिक्षण चालू असेल तर ते योग्यच आहे. पण चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, तिन्ही पाळ्यांत लाईनवर उभं राहून कायम कामगाराइतकाच माल काढणारा मुलगा काय शिकत असतो? पहिल्या दोन महिन्यांत शिकायचं ते शिकून झालं. पुढचं सगळं उत्पादन आहे.

आणि ‘कुटुंब’. ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब’ असं ज्या सभेत सांगितलं जातं, त्या सभेनंतर बहुतेक वेळा कुणाचा तरी जादा कामाचा भत्ता बुडालेला असतो. घरात हिशोब नसतो, म्हणून नोकरीत घराचा शब्द आणायचा नाही. नोकरीत हिशोब हवा.

इथे कुणी म्हणेल, शब्द काहीही असो, कायदा कामाकडे बघतो ना? हो, बघतो. आपली न्यायालयं फार पूर्वीपासून बघत आली आहेत.

नागपूरच्या बिडी कामगारांचा खटला साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालकाचं म्हणणं होतं, ही माणसं हवी तेव्हा येतात, हवी तेव्हा जातात, वळलेल्या बिड्यांच्या संख्येवर पैसे घेतात. मग ते माझे कामगार कसे? न्यायालयाने त्यापलीकडे पाहिलं. ते कारखान्यात येऊन काम करतात. पसंत नसलेल्या बिड्या मालक बाजूला काढतो. कामावर मालकाची देखरेख आहे. म्हणून ते कामगार आहेत आणि त्यांना पगारी रजा मिळाली पाहिजे. आजचं मोबाईलवरचं ‘हवं तेव्हा लॉग-इन करा’ आणि तेव्हाचं ‘हवं तेव्हा या’ यांत मला काहीच फरक दिसत नाही.

१९७८ साली केरळातल्या दोर वळणाऱ्या कामगारांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हीच गोष्ट आणखी सोपी केली. माणसं ठेकेदाराने आणली असली, तरी ज्याच्या धंद्यासाठी ती राबतात आणि ज्याच्या हातात त्यांच्या पोटाची दोरी आहे, तोच खरा मालक. मधला ठेकेदार म्हणजे पडदा. पडदा बाजूला करून बघा.

आपल्या राज्याने तर १९७१ च्या कायद्यात हा डाव नाव घेऊन लिहून ठेवला आहे. कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा तो कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी नोंद आहे: कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. ‘बदली’ हा गिरणगावातला शब्द त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही जसाच्या तसा आहे. गिरणीच्या गेटवर पहाटे उभं राहून ‘आज कुणाचा खाडा आहे का’ म्हणून वाट बघणाऱ्या माणसाचा तो शब्द. कायदा करणाऱ्यांना तो डाव माहीत होता.

मग अडतं कुठे? अडतं ते सिद्ध करण्यापाशी.

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या या कायद्याबद्दल सांगितलं की ठेकेदाराच्या कामगाराशी असलेलं नातं कंपनी नाकारत असेल, तर कामगाराने आधी ते नातं औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करून आणावं. त्यानंतर अनुचित प्रथेची तक्रार घेऊन यावं. त्याच वर्षी घटनापीठाने ठरवलं की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी त्या जागेवरचा कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. म्हणजे ज्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, वकील नाही, उद्याच्या कामाची खात्री नाही, त्याने दोन पायऱ्यांचं भांडण लढायचं. आणि ज्याच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत त्याने नुसतं म्हणायचं, ‘मी याला ओळखत नाही’.

ही लढाई किती लांबते ते मुंबईच्या सफाई कामगारांना विचारा. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या या माणसांना कागदावर ‘स्वयंसेवक’ म्हटलं होतं, पगाराला मानधन आणि ठेकेदाराला संस्था. एकेका कंत्राटात माणसं वीसपेक्षा कमी ठेवली होती, कारण कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांपासून लागू होत होता. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे सगळं न्यायाधिकरणापुढे मांडलं. २०१४ साली २,७०० कामगारांना कायम धरण्याचा आदेश झाला. महापालिका तो मान्य करायला तयार नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. त्यानंतरही नावातल्या एखाद्या अक्षराच्या फरकावरून अनेकांचं कायम होणं लांबलं. ज्या शहराचा कचरा रोज सकाळी उचलला जात होता, त्या शहराला उचलणारा कोण हे मान्य करायला एवढी वर्षं लागली.

आता नवा कायदा आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतलं चांगलं आधी सांगतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. नोकरी सुटल्यावर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. या तिन्ही तरतुदी मनापासून स्वागत करण्यासारख्या आहेत.

पण तीन ठिकाणी बोट ठेवतो.

पहिलं: कंत्राटी कामगारांबद्दलच्या तरतुदी आता वीसऐवजी पन्नास माणसांपासून लागू होतात. मुंबईत एकोणीस माणसांचे तुकडे पाडावे लागत होते, आता एकोणपन्नासांचे पाडले तरी चालतील.

दुसरं: मुदतीची नोकरी किती वेळा वाढवता येईल याला मर्यादा नाही, आणि मुदत संपून नोकरी गेली तर ती ‘कपात’ धरली जात नाही. म्हणजे कपातीची भरपाईही नाही. आमच्या भाचीचे अकरा महिने आता खासगी कारखान्यातही रीतसर पोचतील.

तिसरं मला सर्वांत जास्त लागलं. नेमणूकपत्राची सक्ती ज्या संहितेत आहे, ती केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. तिथे ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांचा तेवढा अपवाद केला आहे. सरकारने सगळ्या देशाला सांगितलं की पत्र द्या, आणि स्वतःचं दार बंद करून घेतलं.

मालकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचेही हक्क आहेत आणि ते खरे आहेत. माणूस पारखून घ्यायला परिविक्षा काळ आहे. चोरी, मारामारी, सततची गैरहजेरी असेल तर चौकशी करून काढून टाकता येतं. हंगाम असेल तर हंगामापुरती माणसं घेता येतात. धंदा खाली आला तर कपातही करता येते: वर्षभर काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. मोठ्या कारखान्यांना सरकारची परवानगी लागते, तीही नव्या संहितेत शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून. काढू नका असं कायदा म्हणतच नाही. काढताना हिशोब चुकता करा म्हणतो.

आणि या नावबदलाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो प्रामाणिक मालकालाच. कमी पगाराच्या कामगाराचा ढोबळ हिशोब करून बघा. शंभर रुपये वेतन देणारा मालक भविष्य निर्वाह निधीचे बारा रुपये भरतो, ईएसआयचे सव्वातीन, किमान बोनसचे ८.३३, आणि ग्रॅच्युइटीपोटी बाजूला ठेवावे लागतात साधारण ४.८१. वरचे हे २८ रुपये झाले. शेजारचा त्याच माणसाला ‘मदतनीस’ किंवा ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणतो आणि ते २८ रुपये खिशात घालतो. मग टेंडर निघतं, सर्वांत कमी बोली त्याचीच असते आणि काम त्यालाच मिळतं. कायदा पाळणारा हरतो. ते टेंडर बहुतेक वेळा सरकारी असतं, म्हणजे फसवणुकीला बक्षीस देणारं बोट सरकारचंच असतं. भोसरीत दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप सरळपणे चालवणाऱ्या माणसाने कामगार संघटनेच्या शेजारी उभं राहून ही मागणी केली पाहिजे. हे त्याच्याही पोटाचं भांडण आहे.

भाचीच्या प्रकरणात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे. सरकारी जागा परीक्षेने भराव्यात, मागच्या दाराने आलेल्यांना कायम करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात तेच सांगितलं आणि स्पर्धा परीक्षेसाठी रात्र रात्र अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी ते बरोबरच आहे. पण २० डिसेंबर २०२४ ला जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाने त्या निकालाचा गैरवापरही दाखवून दिला. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना अचानक काढलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घेऊन नियमित करायला लावलं. कायमस्वरूपी काम तात्पुरत्या नावाखाली करून घ्यायचं आणि वर उमादेवीचा निकाल दाखवायचा, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. मागचं दार बंद करायचं असेल तर पुढचं दार उघडा. जागा मंजूर करा, जाहिरात काढा, परीक्षा घ्या. आठ वर्षं मागच्या दाराने बोलवायचं आणि नवव्या वर्षी ‘तू मागच्या दाराने आलीस’ म्हणायचं, हे कुठल्याही घरात चालत नाही.

माझी मागणी साधी आहे. काम कुठे चालतं, वेळ कोण ठरवतं, काम कोण तपासतं, पैसे शेवटी कुणाच्या तिजोरीतून येतात या चार गोष्टी कामगाराने दाखवल्या की पुढचं ओझं मालकावर यावं. ‘हा माझा कामगार नाही’ हे त्याने सिद्ध करावं. कागद त्याच्याकडे आहेत, तर पुरावाही त्यानेच द्यावा. आणि याची सुरुवात मंत्रालयापासून व्हावी. शासन निर्णयांतून ‘मानधन’ हा शब्द काढून टाका. ज्याला हजेरी आहे, त्याला वेतन लिहा.

तोवर ज्यांच्या हातात असे कागद आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. एकही कागद फेकू नका. ओळखपत्र, पगाराचे बँकेतले नोंदी-उतारे, रजेचे अर्ज, ‘उद्या आठला या’ असे साहेबांचे मोबाईलवरचे निरोप, हजेरीपटाचा फोटो, सगळं जपून ठेवा. आणि एकटीने भांडू नका.

भाचीला मी तेच सांगितलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, या वेळी सोबत चौघी होत्या. पाचही जणींच्या फायली आम्ही जमिनीवर पसरल्या. दर वेळी पाचही जणींचा तांत्रिक खंड एकाच दोन तारखांना होता. मी विचारलं, “या दोन दिवसांत कार्यालयातलं काम कोण करत होतं?”

पाचही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग भाची हळूच म्हणाली, “आम्हीच, मामा. तारीख शेवटची होती, नोंदी थांबवता येत नव्हत्या. साहेब म्हणाले, या, पण सही करू नका.”

हजेरीपटावर त्यांच्या सह्या नाहीत. पण संगणकाने त्या दोन दिवसांतली प्रत्येक नोंद कुणाच्या नावाने, किती वाजता झाली ते लिहून ठेवलेलं आहे. माहितीच्या अधिकारात त्या नोंदी मागणारा अर्ज पाचही जणींनी मिळून लिहिला. अर्जात एका ठिकाणी सवयीने ‘आमचे मानधन’ असं आलं होतं. भाचीने पेन घेऊन ते खोडलं आणि वर लिहिलं: ‘आमचा पगार’.